यंत्रें आलीं; कोठार कोठें आहे?

देशांत नवा महासंगणक बसला कीं वृत्तपत्रांतून त्याच्या वेगाचे आंकडे झळकतात, आणि आपण सुशिक्षित लोक आतां संशोधनाची ददात मिटली असें समजून स्वस्थ बसतों. या समजुतीस आमचा स्पष्ट विरोध आहे.

द्रव्यांच्या संगणकीय अभ्यासाची विद्याच घ्या. अमुक स्फटिकांतून वीज वाहील काय, विद्युत्घटांत कोणतें द्रव्य उपयोगीं पडेल, हें भट्टी पेटविण्यापूर्वींच गणितानें अजमावणारी ही विद्या. होहेनबर्ग, कोह्न व शॅम यांनीं १९६४-६५ सालीं तिचा एक मुख्य पाया घातला. कोह्न यांस १९९८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. वसई-विरारच्या वाचकास हा विषय परका वाटूं नये. खाऱ्या वाऱ्यानें खिडकीचे गज आणि स्लॅबांतील सळया गंजतात. त्या गंजाचें मूळ अणूंच्या पातळीवर शोधणें हेंहि याच विद्येचें काम.

यंत्रांच्या बाबतींत आपण मागें नाहीं. १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक स्थापन झाली. १९९१ सालीं तिनें 'परम ८०००' सिद्ध केला. २०१५ सालीं ४५०० कोटी रुपयांचें राष्ट्रीय महासंगणन अभियान मंजूर झालें. २०१९ सालीं पुण्याच्या आयसरमध्यें 'परम ब्रह्म' आला, आणि २०२४ सालीं पुणें, दिल्ली व कलकत्ता येथें 'परम रुद्र' बसले. हें सारें अभिमानास्पदच आहे.

पण गणना संपल्यावर तिचें काय होतें? विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातो, आणि महिनोन्महिने खपून केलेलें गणित बहुधा कोठल्या तरी चकतीवर पडून राहतें. दुसरा तेंच गणित पुन्हां मांडतो. वेळ त्याचा जातो. पैसा जनतेचा जातो.

कोणी म्हणेल, बर्कलेचा 'मटीरियल्स प्रोजेक्ट' २०११ पासून सर्वांस खुला आहे, त्यांत लाखाहून अधिक द्रव्यांचीं गणितें आहेत. मग आपलें निराळें कोठार कशाला? आमचें उत्तर असें कीं, दुसऱ्याच्या कोठारांत दुसऱ्याच्या गरजेचें धान्य आधीं भरलें जातें. आणि त्याचें दार उघडें ठेवणें न ठेवणें हेंहि त्याच्याच मर्जीवर. शिवाय घेणारानें कधीं तरी देणारा व्हावें, हा साधा शिष्टाचार आहे.

म्हणून आमच्या मागण्या तीन. सरकारी पैशानें झालेली प्रत्येक गणना, ती ज्या पद्धतीनें केली त्या तपशिलासह, ठराविक मुदतींत सार्वजनिक कोठारांत जमा झाली पाहिजे. तें कोठार राखणाऱ्या जाणत्या माणसांस कायमची नोकरी व मान मिळाला पाहिजे. कंत्राटी हातांनीं ग्रंथालयें टिकत नाहींत, मग हीं कोठारें कशीं टिकावीं? आणि तालुक्याच्या महाविद्यालयांतील होतकरू विद्यार्थ्यास महासंगणकाच्या वेळेंतील थोडा तरी वांटा हक्कानें मिळाला पाहिजे. कोणाच्या ओळखीनें नव्हे.

धरण बांधलें, पाट काढले नाहींत, तर शेत कोरडेंच राहतें. आणि धरणाची उंची सांगून शेतकऱ्याचें समाधान होत नाहीं.