लक्षण आणि निदान

इ. स. १९४७ सालीं मुंबईस महिंद्र कंपनीनें विलिस जीपची जुळणी आरंभिली. त्या काळच्या बांधणीची मालवाहू जीप ज्यांच्या घरीं अजून जपून ठेविली असेल, त्यांस दोन तक्रारी परिचित असतील : स्टिअरिंग वळतें, पण गाडी उशिरानें वळते, आणि दार आपटल्यावांचून लागत नाहीं.

आयुर्वेदांत लक्षण व निदान हीं भिन्न मानिलीं आहेत. तोच विवेक येथें हवा. स्टिअरिंग सैल वाटलें कीं त्याच्या पेटीवरील स्क्रू आवळण्याचा मोह होतो. वस्तुतः झीज पुष्कळदां टाय रॉडच्या सांध्यांत किंवा बेलक्रँकच्या बुशांत असते. इंजिन बंद ठेवून एकानें चक्र किंचित् डावीं-उजवीं हालवावें; दुसऱ्यानें प्रत्येक सांध्यास हात लावून पाहावें. जेथें अलीकडची दांडी हलते व पलीकडची स्तब्ध राहते, तेथेंच रोग. स्क्रू अति आवळिल्यास स्टिअरिंग जखडतें व वळणानंतर आपोआप सरळ होत नाहीं.

दाराचेंही तसेंच. खटक्याची पट्टी घासण्यापूर्वीं उघडें दार कडेस धरून उचलून पाहावें. बिजागरीपाशीं तें वरखालीं हललें, तर तिची खीळ झिजली आहे. भोंक नीट कातवून जाड खीळ किंवा पितळी बुश बसवावा.

गंगापूरहून कायगांवास गोदाकांठीं जातांना मागें पोतीं व शेजारीं नातवंडें असतात. वाचकहो, सैलपणा झांकणें म्हणजे दुरुस्ती नव्हे. झिजलेला सांधा बदलणें हीच दुरुस्ती.