घडा पालथा की पाणीच कमी?

ट्रेनिंग संपलं की काय मिळतं? चहा, समोसा, सर्टिफिकेट आणि एक फीडबॅक फॉर्म! सेकंड इयरनंतरच्या सुट्टीत आमच्या बॅचचं इन-प्लांट ट्रेनिंग झालं. (कंपनीचं नाव नको.) शेवटच्या दिवशी फॉर्म वाटले. ट्रेनर कसे वाटले, हॉल कसा होता, जेवण कसं होतं? दहा मिनिटांत फॉर्म गोळा झाले आणि ट्रेनिंग यशस्वी झाल्याचं जाहीरही झालं. कोणाला काय करता येऊ लागलं, हे मात्र कोणीच विचारलं नाही.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा इंग्रजी शब्द डोकावले तर सांभाळून घ्या. पण मुद्दा साधा आहे. वर्कशॉपमध्ये शाफ्ट टर्न केला की आपण मायक्रोमीटर लावतो. "काम करताना मजा आली का?" असं विचारून जॉब पास करत नाही. मग माणसांच्या ट्रेनिंगलाच वेगळा न्याय का?

अमेरिकेतले प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये या मोजमापाच्या चार पायऱ्या मांडल्या. पहिली, लोकांना ट्रेनिंग कसं वाटलं. दुसरी, ते काय शिकले. तिसरी, कामावर परतल्यावर त्यांचं वागणं बदललं का. चौथी, त्यातून कारखान्याला काय मिळालं. आपला फॉर्म पहिल्याच पायरीवर बसकण मारतो!

तिसरी पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पॉवर प्रेसचंच उदाहरण घ्या. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, अशी सोय असते, म्हणजे हात डायखाली सापडत नाही. लेखी परीक्षेत हे सगळे बरोबर लिहितील. पण प्रॉडक्शनची घाई असली की एक बटण पाचर मारून कायमचं दाबून ठेवायचा मोह होतो. तिथे ट्रेनिंगचा निकाल पेपरवर नाही, शॉप फ्लोअरवर लागतो. न सांगता जाऊन पाहायचं, पाचर आहे की नाही. प्रश्न कोणाच्या तरी बोटांचा आहे हो!

चौथ्या पायरीवर मात्र जपून पाऊल टाकावं लागतं. ट्रेनिंगनंतर रिजेक्शन कमी झालं, पण त्याच महिन्यात नवं मशीनही आलं असेल तर श्रेय कोणाचं? म्हणून आधीचे आकडे हवेत आणि ट्रेनिंग न झालेली दुसरी शिफ्ट तुलनेला हवी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' ही योजना १९४० ते १९४५ या काळात चालवली. सुपरवायझरांना दहा-दहा तासांचे छोटे कोर्स दिले. सोळा लाखांहून जास्त लोकांनी ते पूर्ण केले. उत्पादन वाढलं, भंगार घटलं, असे आकडे तिच्या अहवालात आहेत. पण ते योजना चालवणाऱ्यांनीच गोळा केलेले, हेही लक्षात ठेवायला हवं. तरी त्या योजनेतली एक गोष्ट मला फार पटते : कामगार शिकला नाही, तर आधी शिकवणाऱ्याने स्वतःकडे पाहायचं.

आपल्याकडे उलटं. "या पोरांना शिकायचंच नाही, पालथ्या घड्यावर पाणी!" असं म्हणून मोकळे. पण घडा पालथा होता की पाणीच कमी पडलं, हे मोजल्याशिवाय कळणार कसं? शिवाय शिकून आलेल्या नव्या माणसाला "ते क्लासरूममधलं विसर, इथे असंच चालतं" असं जुन्या फोरमनने सांगितलं, तर दोष ना घड्याचा, ना पाण्याचा!

मोजायला वेळ आणि पैसा लागतो, हे मान्य. पण सहा आठवडे फुकट जाणं स्वस्त आहे का? म्हणून आमच्या ट्रेनिंग अँड प्लेसमेंट सेलला विनंती आहे. ट्रेनिंगच्या आधी आणि नंतर तीच छोटी प्रॅक्टिकल टेस्ट घ्या. तीन महिन्यांनी पुन्हा घ्या. जेवणाचा प्रश्न राहू द्या हवं तर, पण "आता तुम्हाला काय करता येतं?" हा प्रश्न सर्वात वर टाका. ज्युनियर्सनो, तुमचं ट्रेनिंग या उन्हाळ्यात आहे. फॉर्ममध्ये हा प्रश्न नसला तर मागच्या कोऱ्या बाजूवर उत्तर लिहून द्या. कोणीतरी वाचेलच!