बारीक अंगाची ग्वाही पुरत नाही

"आम्हाला कसलं कोलेस्टेरॉल? घाट चढउतार करणारी माणसं आम्ही. अंगावर मांस नाही, चरबी कुठून येणार!" कसाऱ्याच्या फलाटावर वडापाव खाता खाता हे मी कितीदा ऐकलंय. हे साफ चुकीचं आहे, आणि ही चूक जिवावर बेतते.

तेल पाण्यात मिसळत नाही, आणि रक्त बरंचसं पाणीच. म्हणून शरीर चरबीला प्रथिनांचं वेष्टण घालून धाडतं. वड्यातलं तेल आतड्यातून लसीकावाहिन्यांवाटे छातीत चढतं आणि डाव्या बाजूला मानेच्या मुळाशी शिरेत उतरतं. स्नायू वाटेत त्यातला माल उतरवून घेतात, उरलेलं यकृत घेतं. यकृत स्वतःही माल भरून रवाना करतं. त्यातली चरबी वाटेत उतरत गेली की शेवटी कोलेस्टेरॉल भरलेला लहान कण उरतो, तो एलडीएल. कसाऱ्याला गाडीमागे लावलेलं बँकर इंजिन इगतपुरीला काढतात ना, तसं काम संपलेलं हे एलडीएल यकृतानं उचलून घ्यायचं असतं. यकृताच्या पेशींवरच्या ज्या दारांतून ते उचललं जातं, त्यांच्या शोधासाठी ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना 1985 साली नोबेल मिळालं. दारं कमी पडली की कण रक्तातच फिरत राहतात आणि धमनीच्या भिंतीत शिरतात. तिथं तुमची कंबर कोण मोजतं?

शिवाय बारीक अंगातही चरबी लपते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी युडकिन यांचं छायाचित्र 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं छापलं. उंचीच्या मानानं दोघांचं वजन सारखंच, निर्देशांक 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2! अशी लपलेली चरबी पोटात साठली, वर भात-साखरेचा मारा झाला, की यकृत रक्तात ट्रायग्लिसराईड ही चरबी जास्त सोडतं आणि एचडीएल हे उपयोगी कण घटतात.

"आमच्या तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉल नाही' असं छापलंय," हेही ऐकतो. वनस्पतीच्या तेलात ते नसतंच. पण पामतेलातली संपृक्त चरबी यकृताची तीच दारं कमी करते.

घाट चढणाऱ्याचे स्नायू रक्तातली चरबी भराभर वापरतात, हे मात्र शंभर टक्के खरं. पण चढणारे किती उरले? त्यांची मुलं पहाटेच्या लोकलनं कल्याण-ठाण्याला जाऊन दिवसभर खुर्चीत बसतात.

चाळिशी गाठली असेल, किंवा घरात कुणी कमी वयात हृदयविकारानं दगावलं असेल, तर वजनकाट्यावर भरवसा ठेवू नका. रक्त तपासून घ्या.