नवं थोडं, जुनं पूर्ण: भंडाऱ्यासाठी काही मुद्दे

२०४७पर्यंत भारत विकसित देश होईल, असा संकल्प केंद्र सरकारने सोडला आहे. भंडाऱ्यात बसून मला तो अशक्य वाटत नाही. वैनगंगा आहे, धान आहे, मँगनीज आहे, पितळेचे आणि कोशाच्या रेशमाचे कारागीर आहेत. खोट आहे ती एवढीच, की सुरू केलेलं आपण तडीस नेत नाही आणि तडीस गेलेलं राखत नाही.

१. गोसेखुर्दपासून सुरुवात करावी. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं. मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता. तो अठरा हजार कोटींच्या पुढे गेला. मधल्या काळात प्रकल्प राष्ट्रीयही झाला. पवनीजवळ धरण उभं राहिलं, पाणी अडलं, पण नहराच्या टोकाचा शेतकरी अजून आभाळाकडेच बघतो. सरकारी अहवालात ‘सिंचनक्षमता निर्माण झाली’ असं असतं. क्षमतेवर रोवणी होत नाही. यंदा कोणत्या गावात किती एकरांत खरोखर पाणी पोचलं, याची गाववार यादी दर वर्षी ग्रामपंचायतीत लागली पाहिजे.

२. आता तलाव. पूर्व विदर्भात हजारो मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने ते बांधले. उतार ओळखून पाळ घालण्याची त्यांची हातोटी आजच्या अभियंत्यांनीही अभ्यासावी अशी. पुढे हे तलाव ज्याच्या ताब्यात आले तो मालगुजार शोषक होता, यात वाद नाही. पण गाळ काढणं आणि पाळ दुरुस्त करणं त्याच्या पदरी होतं. १९५१च्या सुमारास मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि तलावाला धनी उरला नाही. गाळ साचला, बेशरम नावाची उपद्रवी वनस्पती माजली, काठावर अतिक्रमणं झाली.

२०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली, ती चांगलीच. मात्र नुसतं यंत्र उतरवून तलाव जिवंत होत नाही. पाण्यातलं कोणतं गवत माशांना लागतं, हे मासेमारी करणाऱ्या धीवरांना ठाऊक असतं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मच्छीमार संस्थांना सोबत घेऊन बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या, आणि अशा तलावांत देशी मासे परतू लागले. हे काम इथल्याच लोकांनी करून दाखवलं आहे. माझं म्हणणं असं, की मासेमारीच्या ठेक्यातला आणि पाणीपट्टीतला ठरावीक वाटा त्याच तलावाच्या डागडुजीसाठी राखावा. हिशेब मच्छीमार संस्था आणि ओलिताचे शेतकरी यांनी मिळून ठेवावा.

३. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेत येतं. शेजाऱ्याच्या पिण्याच्या पाण्यात घाण सोडणाऱ्या शहराला विकसित म्हणू नये. नागपूरने आपली घाण नागपुरातच शुद्ध करावी.

४. ९ जानेवारी २०२१ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशु कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. इमारत होती, यंत्रं होती; उणीव होती ती राखणीची. प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या दारावर अग्निसुरक्षा तपासणीची शेवटची तारीख आणि बाकी राहिलेली दुरुस्ती ठळक लिहिलेली असावी. याला फार पैसा लागत नाही.

५. रोजगाराचं बोलताना सगळे मोठ्या कारखान्याची वाट बघतात. साकोलीजवळ मुंडीपारला भेलच्या प्रकल्पाचं भूमिपूजन २०१३ मध्ये झालं, प्रकल्प अडकला. उलट तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्गला खाणीजवळच मँगनीजपासून बॅटरीत लागणारं मँगनीज डायऑक्साइड तयार होतं. माल इथला आणि त्यावरची प्रक्रियाही इथलीच: हीच वाट धानाला आणि मोहाडी-आंधळगावच्या कोशाला मोकळी करावी. नाहीतर धान निघाल्यावर पोरं नागपूरची गाडी धरणारच.

६. पैसे कसे वाटावेत? दक्षिण कोरियाने १९७० मध्ये गावागावांना सरसकट ३३५ पोती सिमेंट दिलं. ज्या गावांनी त्याचं काही धड केलं, त्यांनाच पुढच्या फेरीत जास्त सिमेंट आणि लोखंड मिळालं. तिथली राजवट हुकूमशाही होती, ती आपल्याला नको. हिशेबाची ही रीत मात्र घेण्यासारखी आहे. मागे पडलेल्या गावाला शिक्षा नको, पहिलं काम पुरं करायला माणूस द्यावा. जिल्हा नियोजन समितीने एका वर्षापुरतं एवढं करून पाहावं: अर्धवट कामांची तालुकावार यादी लावावी, आणि ज्या गावाने जुनं काम पुरं केलं त्याच्याच नव्या कामाला आधी मंजुरी द्यावी. पहिली यादी पुढच्या रोवणीआधी लागावी.