माळ्यावर लपवलेला अँटेना

न्यू यॉर्कच्या प्रक्षेपण मनोऱ्यांकडे तोंड करून असलेल्या न्यू जर्सीतल्या घरांत एक कोडे वारंवार पडते. छपराखालच्या माळ्यावर वहीएवढा चपटा अँटेना ठेवलेला असतो. टीव्हीवर 2 क्रमांकाची वाहिनी स्वच्छ दिसते, 4 दिसते, 5 दिसते. 7 मात्र चौकोन चौकोन होऊन फुटते, नाहीतर सापडतच नाही. घरातले मग ॲम्प्लिफायर विकत आणतात. 7 तरीही येत नाही.

कोड्याची उकल त्या आकड्यांतच आहे. टीव्हीवर दिसणारा क्रमांक ही नुसती दारावरची पाटी असते. प्रत्यक्ष प्रक्षेपण दुसऱ्याच क्रमांकावर चालू असू शकते. ‘डब्ल्यूसीबीएस’ या वाहिनीची पाटी 2 ची, पण तिचे प्रक्षेपण सध्या 36 वर, म्हणजे यूएचएफ पट्ट्यात होते. ‘डब्ल्यूएबीसी’ मात्र पाटीवरही 7 आणि हवेतही 7, म्हणजे व्हीएचएफ. 36 वर लहरीची लांबी जेमतेम अर्धा मीटर, तर 7 वर सुमारे 1.7 मीटर. यूएचएफसाठी बेतलेला आखूड अँटेना ही लांब लहर नीट पकडू शकत नाही, आणि जे पकडलेच नाही ते ॲम्प्लिफायर मोठे करणार कसे?

ॲनालॉगच्या काळात बिघाड डोळ्यांना दिसायचा. सिग्नल कमी पडला की मुंग्या यायच्या, लाट परतून आली की माणसाशेजारी त्याचीच सावली उभी राहायची. अमेरिकेत 12 जून 2009 रोजी मोठ्या केंद्रांचे ॲनालॉग प्रक्षेपण बंद झाले आणि हे निदानाचे साधन गेले. डिजिटल चित्र शेवटपर्यंत निर्दोष दिसते आणि मग एकदम कोसळते. झाडांना पालवी फुटली, छप्पर भिजले, एवढेही निमित्त त्याला पुरते. म्हणून चित्राकडे पाहून काही ठरवू नये. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सिग्नलची ताकद आणि गुणवत्ता दाखवणारे आकडे असतात, ते वहीत लिहून घ्यावेत.

त्याआधी एक बिनखर्ची काम: वाहिन्यांचा शोध नव्याने घेणे. 2017 मध्ये लिलाव होऊन 38 ते 51 हे क्रमांक मोबाइल कंपन्यांकडे गेले आणि जुलै 2020 पर्यंत जवळपास हजार केंद्रांनी आपली जागा बदलली. त्याआधीची यादी टीव्हीत तशीच पडून असेल, तर अँटेनाचा काहीच दोष नाही.

आता खुद्द माळा. लाकूड आणि डांबरी कौलांचे छप्परसुद्धा सिग्नलचा बराच भाग खाते. छताच्या आतून उष्णता अडवणारा चकचकीत फॉइल लावला असेल, किंवा छप्परच पत्र्याचे असेल, तर तो माळा जवळजवळ बंद पेटीच झाला. वातानुकूलनाच्या धातूच्या नळ्यांवरून लहरी परततात, एकमेकींना छेदतात. त्यामुळे अँटेना दोन हात सरकवला तरी आकडा बदलतो. खरी कसोटी एका संध्याकाळची आहे. तोच अँटेना, तीच वायर, तोच टीव्ही, मध्ये स्प्लिटर नाही. फक्त अँटेना घराबाहेर नेऊन मनोऱ्याच्या दिशेने धरायचा आणि माळ्यावरचे आणि बाहेरचे आकडे ताडून पाहायचे. बाहेर आकडे चांगले असतील तर दोष माळ्याचा. बाहेरही नसतील तर दिशा, अंतर किंवा पट्टा चुकला आहे.

स्प्लिटरचे नाव मुद्दाम घेतले. दोन टीव्हींसाठी सिग्नल वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला निम्म्याहूनही कमी येतो, आणि बऱ्याच घरांत जुन्या केबल जोडणीचे तीन-तीन स्प्लिटर भिंतीत विसरलेले असतात. ॲम्प्लिफायरचे काम ही तूट भरून काढण्याचे. तेही अँटेनाजवळ लावला तर. मनोरा जवळ असेल तर ॲम्प्लिफायर टीव्हीतल्या ट्यूनरला बधिरच करतो.

खोक्यावर छापलेल्या ‘150 मैल’ या दाव्याबद्दल स्पष्ट बोलायला हवे. उंचातल्या उंच मनोऱ्यापुढेही साठ-सत्तर मैलांनंतर पृथ्वीचा गोलावा आडवा येतो. हे मैल मोजण्याची कोणतीही सर्वमान्य पद्धत नाही. असा आकडा छापायला बंदी हवी, आणि त्याऐवजी अँटेना कोणत्या पट्ट्यासाठी आहे व सिग्नलचा किती लाभ (गेन) देतो हे सांगणे सक्तीचे हवे. केबलचे दरमहा पैसे भरणे जड जाणारी माणसेच बहुधा हे खोके उचलतात. त्यांची फसवणूक चालू देणे गैर आहे.

मुळात अँटेना माळ्यावर जातो तो कशासाठी? पुष्कळदा तो दिसू नये म्हणून, वसाहतीची समिती हरकत घेईल या धास्तीने. वास्तविक 1996 पासून अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाचा नियम आहे: स्वतःच्या ताब्यातल्या जागेत स्थानिक वाहिन्यांसाठी अँटेना उभारायला अशा समितीला बंदी घालता येत नाही. सामाईक गच्चीची गोष्ट वेगळी. न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या गावात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी तरी हा हक्क वापरायला संकोचू नये. 1972 मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर छपरावरचा अँटेना घराची शान होता.

छपरावर अर्थिंग लागते, मजबूत शिडी लागते, वाऱ्याचा विचार लागतो. हे जमत नसेल तर जाणकार माणूस बोलवावा. 7 क्रमांकासाठी सुमारे 85 सेंटिमीटर लांबीच्या दांड्या असलेला अँटेना घ्यावा. आणि एक माणूस खाली टीव्हीसमोर बसवावा. वरून विचारणा जुनीच होईल, “आलं का?” खालून मात्र सिग्नलचा आकडा वाचून सांगावा.