भिंतीआडचा बोजा

पुण्याच्या पेठांत, गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींत आजही घरांची खरेदी-विक्री चालू असते. घेणारा बहुधा नोकरदार. भविष्यनिर्वाह निधीची शिल्लक आणि बँकेचे कर्ज एकत्र करून तो हक्काचे छप्पर मिळवितो. त्यापूर्वी वकील ३० वर्षांच्या नोंदी तपासून घरावर बोजा नसल्याची ग्वाही देतो. बँक मूल्यांकन करविते. भिंतीवरील तारांचे वय मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

वस्तुतः तोही एक बोजाच आहे. जुन्या घरांत लाकडी पट्ट्यांवर रबर आणि सुती वेष्टनाच्या तारा ठोकलेल्या असत. कालांतराने हे रबर ठिसूळ होऊन झडू लागते. पुढे तांब्याच्या टंचाईमुळे ॲल्युमिनियमच्या तारा आल्या. त्यांच्या जोडण्या सैल होऊन तापतात. ही सारी व्यवस्था चार दिवे, एखादा पंखा आणि रेडिओ यांच्यापुरती होती. आज तिच्यावर २,००० वॅटचा गीझर लादला जातो. तो २३० व्होल्टला सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतो. दिव्यांची जुनी जोडणी ५ अँपिअरची. प्रवाह दुप्पट झाला की तारेतील उष्णता चौपट होते, हे शाळेतच शिकविले जाते. अशा वेळी फ्यूज वितळावा, तर तो वारंवार वितळतो म्हणून त्यात जाड तार घातलेली असते! पहारेकऱ्यालाच गुंगीचे औषध देण्यातला हा प्रकार.

दिवे लागतात, मग दोष कोठे, असा विक्रेत्याचा युक्तिवाद असतो. परंतु दिवा लागणे हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. अर्थिंग नसलेल्या घरात यंत्राच्या पत्र्यात उतरलेली वीज माणसाच्या देहातूनच जमिनीची वाट धरते.

मीटरपुढील वायरिंगची जबाबदारी ग्राहकाची, म्हणजे खरेदीनंतर नव्या मालकाची. म्हणून इसार देण्यापूर्वीच परवानाधारक वीज कंत्राटदाराकडून तारांचे वेष्टन मेगरने व अर्थिंग स्वतंत्रपणे तपासून घ्यावे, आणि नव्या वायरिंगचा खर्च किमतीच्या बोलण्यातच धरावा. ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारे आरसीसीबी बसविणे हीदेखील चैन नव्हे.

तथापि हा विषय केवळ ग्राहकाच्या दक्षतेवर सोडता येणार नाही. जुन्या घराच्या खरेदीखतासोबत वायरिंगच्या तपासणीचा दाखला शासनाने आवश्यक करावा. मालकीच्या कागदांची इतकी काळजी घेणाऱ्या व्यवस्थेने त्या घरात नांदणाऱ्या जिवांची थोडी काळजी घेतली, तर ते अधिक ठरणार नाही.