गवताचे पाप कोणाच्या खात्यावर?

भाद्रपद सरत आला की आमच्या वर्गात शिंकांची साथ येते. मीही त्यातलाच एक. कोणी म्हणतो हवा बदलली, कोणी म्हणतो दही खाल्लेस. जरा शिकलेला असला तर खिडकीबाहेर बोट दाखवतो, "ते बघ गाजरगवत!" आणि विषय तिथेच मिटवतो.

मुळात गाजरगवत हे गवतच नव्हे. ते सूर्यफुलाच्या कुळातले तण. १९५५ साली पुण्यात ते प्रथम नजरेस आले आणि पुढे 'काँग्रेस गवत' झाले. आमचे कन्नड मित्र त्याला 'काँग्रेस कस' म्हणतात. कस म्हणजे केरकचरा. इथे कन्नड नाव मराठीपेक्षा खरे आहे, हे सांगायला माझी मराठी शाळा आड येत नाही. या तणाच्या परागांनी नाक वाहते, रस लागला तर कातडीवर पुरळ उठते. ते निर्दोष नाहीच. पण सगळा खर्च एकाच्या नावे टाकला तर ताळेबंद जुळत नाही, एवढे वाणिज्य शाखेत आम्हांला शिकवले आहे.

खरी गवते मात्र गुपचूप सुटतात. हरळी, मारवेल, कुसळी यांच्या फुलांना ना रंग ना वास. त्यांना कीटक बोलवायचेच नसतात, सगळा व्यवहार वाऱ्याशी. पावसात पराग धुऊन जातात. पाऊस उघडला, ऊन पडले, की सप्टेंबर ते नोव्हेंबर माळावर तुरेच तुरे. हरळी तर जवळजवळ बारमाही फुलते. होय, तीच गणपतीची दूर्वा, कन्नडमध्ये 'गरिके'! देवाला चालते म्हणून नाकाला चालतेच असे नाही. गवताच्या परागांनी हा विकार होतो हे मँचेस्टरच्या डॉ. चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८७३ साली ग्रंथरूपाने मांडले. मात्र विलायती गवते आणि आपली हरळी यांचे कूळ एक असले तरी शाखा वेगळ्या. एकीचे वावडे असले म्हणजे दुसरीचे असेलच असे नाही. म्हणून चाचणी करायचीच तर ती इथल्या गवतांच्या परागांनी व्हावी.

आपल्याकडे श्रमदान म्हणजे फुलावर आलेले गाजरगवत उघड्या हातांनी उपटणे आणि फोटो काढणे. हे धोक्याचे आहे. ते फुलण्याआधी, हातमोजे घालून, नाकाला रुमाल बांधून उपटावे. आणि मैदानावरच्या गवताचे काय? ते क्रीडास्पर्धेच्या आदल्या आठवड्यापर्यंत वाढू देतात. तोवर तुरे झडूनही गेलेले असतात आणि परीक्षेच्या तोंडावर आमचे डोळे सुजलेले. प्राचार्यांना माझी विनंती आहे की श्रावणअखेर एकदा आणि नवरात्रापूर्वी पुन्हा एकदा मैदान कापून घ्यावे, आणि त्या कामावर शिंकणाऱ्या मुलांना पाठवू नये.